आधी शिसं ठरवा, मग काठी : किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांचे प्रश्न

किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या, या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: पैसे बेताचे आहेत आणि दुकानात गेल्यावर डोकं चालत नाही. मी गळाची दोरी गुंडाळायची रिळं दुरुस्त करून पोट भरते, त्यामुळे लोकांनी काय घेतलं आणि त्याचं पुढे काय झालं, दोन्ही माझ्या टेबलावर येतं. उत्तरं सडेतोड वाटली तर रागावू नका.

ताई, मला पहिलाच रॉड आणि रीळ घ्यायचं आहे. बहुतेक वेळा पुळणीवर, कधीतरी धक्क्यावर जाणार. एक मित्र म्हणतो बारा फुटी रॉड आणि 8000 नंबरचं रीळ घे, लांब जातं. दुसरा म्हणतो सात फुटी पुरे. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. मला आधी एवढंच सांगा, तुम्ही फेकणार किती ग्रॅम?

कोणी हा प्रश्न विचारत नाही, आणि बाकी सगळं याच्यावरच अवलंबून असतं. लाटा आणि बाजूची ओढ असलेल्या पुळणीवर 30 ग्रॅमचं शिसं, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, जागेवर थांबतच नाही. पाच मिनिटांत ते वाहत वाहत शेजाऱ्याच्या दोरीत जाऊन गुंततं. शांत पाण्यात 40 ते 60 ग्रॅम चालतं. साधारण लाटेच्या पुळणीवर 80 ते 110 ग्रॅम लागतं. ओढ जोराची असेल तर त्याहून जड, किंवा वाळूत रुतणाऱ्या तारांचं शिसं. तुमच्या पत्रावरून मी 90 ग्रॅम धरते. त्यात आमिष मिळवा, कारण रॉडला शिसं वेगळं आणि आमिष वेगळं कळत नाही. 25 ग्रॅमचा तुकडा लावलात तर फेक 115 ग्रॅमची झाली.

आता रॉडवर बुंध्याजवळ छापलेला आकडा वाचा. तुम्हाला 80–150 ग्रॅम किंवा त्याच्या आसपासचा रॉड हवा. स्वस्त रॉडवर वरचा आकडा बराच उदार हाताने छापलेला असतो, म्हणून 150 लिहिलं असेल तर जोर लावून फेकायची हद्द मी 110–120 धरते. खालच्या आकड्याकडेही दुर्लक्ष करू नका. 100–250 ग्रॅमच्या रॉडने 60 ग्रॅम फेकलं तर रॉड वाकतच नाही, आणि न वाकणारा रॉड म्हणजे नुसता बांबू. अंतर त्याच्या वाकण्यातून आणि सुटण्यातून येतं.

याच कारणाने बारा फूट मी पहिल्या रॉडला सांगत नाही. लांब रॉडचं टोक जास्त वेगाने फिरतं हे खरं, पण तो वेग द्यायला खांद्यात जोर आणि अंगात सराव लागतो. शिवाय मासा लागल्यावर तीच लांबी तुमच्या विरुद्ध तरफेसारखी काम करते. नवशिक्याच्या हातातला बारा फुटी रॉड दहा फुटीपेक्षा जवळ टाकतो, हे मी किनाऱ्यावर बसून पुष्कळदा पाहिलंय. दुसरीकडे सात फूट घेतलात तर फुटणाऱ्या पहिल्या लाटेच्या वर दोरी उचलून धरता येत नाही. लाट दोरीला ओढते आणि शिसं सरकतं. तुमच्यासाठी 10 ते 11 फूट, म्हणजे 3 ते 3.3 मीटर. धक्क्यावर तो थोडा अडचणीचा होईल, चालवून घ्या. पायाखाली सोडून गरवायला लहान रॉड पुढे कधीतरी घेता येईल.

रिळाचं सांगते. 8000 नंबरचं धातूचं रीळ सहजच अर्ध्या किलोच्या वर जातं. दहा फुटी रॉडवर ते दिवसभर धरून बघा, संध्याकाळी मनगट सांगेल. 5000 किंवा 6000 पुरे. पण नंबरवर फार विसंबू नका, कारण हे आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले. शिमानोचं, दाइवाचं आणि पेनचं 5000 शेजारी ठेवलंत तर तिन्ही एका मापाची निघतील असं समजू नका. स्पूलवर (दोरी गुंडाळतात त्या चाकावर) किंवा खोक्यावर दोरीचं माप छापलेलं असतं, ते वाचा: 0.35 मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनची एकसंध दोरी) दोनशे मीटरच्या आसपास मावला पाहिजे. तुलनेसाठी सांगते, शिमानोच्या 4000 मापाच्या नेहमीच्या स्पूलवर 0.30 चा तंगूस 180 मीटर मावतो आणि 0.35 चा 130. तेवढ्यावरही गरवता येतं, पण लांब फेक आणि शिवाय दूर पळणारा मासा असं दोन्ही आलं की स्पूलचा तळ दिसायला लागतो.

पैशांचे दहा भाग करा. पाच रिळाला, तीन रॉडला, दोन दोरी, गळ, शिसं आणि स्विव्हलला (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कडीला). बहुतेक जण रॉडवर सहा-सात भाग उडवतात, कारण दुकानात चमकतो तो रॉड. रॉडमध्ये हलणारा भाग एकही नाही. फायबरग्लास आणि कार्बन मिसळून केलेले साधे रॉड आज पुरेसे चांगले मिळतात. थोडे जड असतात, पण खडकावर आपटले तरी निव्वळ कार्बनच्या रॉडपेक्षा जास्त सोसतात. रिळात मात्र गिअर आहेत, बेअरिंग आहेत, ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी ताणाखाली सुटू देणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या आहेत, आणि खारं पाणी नेमकं तिथेच शिरतं. स्वस्ताईची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

दुकानात रॉड जोडायला लावा, लाजू नका. एका टोकाने डोळा लावून दोरी ज्यांतून जाते त्या सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का बघा. सांधा हलवून खडखडतो का बघा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. तंतू अडकला तर आतल्या सिरॅमिकला चीर आहे, तो रॉड परत ठेवा. मग बुंधा बगलेत धरून हात लांब करा. रीळ बसवायची जागा तळव्याच्या आवाक्यात आरामात आली पाहिजे. ती फार पुढे असेल तर रॉड कितीही चांगला असू दे, तुमच्यासाठी नाही.

एका रिळात 14 बेअरिंग आहेत आणि तेवढ्याच किमतीच्या दुसऱ्यात 4. मग 14 वालं घेणं शहाणपणाचं ना?

नाही. त्याच पैशांत दहा बेअरिंग जास्त आली, तर ते पैसे कशातून तरी कापलेत. बहुतेक वेळा गिअरच्या धातूतून आणि ड्रॅगमधून. असं रीळ उघडलं की मला गंजलेल्या बारीक बेअरिंगची रांग दिसते, त्यातली निम्मी अशा जागी असतात जिथे प्लास्टिकचं बुश आयुष्यभर चाललं असतं.

कुठे बेअरिंग हवंच ते सांगते. मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना, पिनियनला (त्याला जुळणाऱ्या छोट्या गिअरला) आणि दोरी जिथे वळते त्या लाईन रोलरमध्ये. चार चांगली असली की काम झालं. त्यापेक्षा या गोष्टी हाताने तपासा. हँडल धरून पुढे-मागे हलवा, लुटलुटतं का? गिअरमध्ये थेट स्क्रूसारखं बसणारं हँडल उत्तम. आरपार दांडा घालून पलीकडून बोल्ट कसायचं चालतं, पण त्यात लवकर खेळ येतो. बेलची, म्हणजे दोरी सोडायला-धरायला उघडमिट करायच्या कमानीची, तार जाड आहे का? दोरी हाताने ओढून ड्रॅग सोडवत बघा: ती सलग सुटली पाहिजे. अडखळत, झटके देत सुटत असेल तर मोठ्या माशाच्या वेळी दोरी त्या झटक्यालाच तुटते.

आणि गिअरचा आकडा. 5.2:1 म्हणजे हँडलच्या एका फेरीत स्पूलवर दोरी गुंडाळणारा रोटर 5.2 फेऱ्या घेतो. 6.2:1 ऐकायला भारी वाटतं, पण शंभर ग्रॅमचं शिसं आणि शेवाळाचा गोळा ओढताना तोच वेग जड पडतो. तळाला शिसं ठेवून गरवणाऱ्याने 5 च्या आसपास राहावं.

जाता जाता एक. स्थिर स्पूलच्या, म्हणजे आपण वापरतो त्या जातीच्या, रिळाचं पेटंट 1905 मध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रज माणसाने घेतलं, आणि हा गृहस्थ लोकरीच्या गिरणीचा मालक होता. चातीवरून सूत सरसर सुटताना रोज बघणाऱ्यालाच ही युक्ती सुचावी यात नवल नाही. त्याच्या रिळात चौदा बेअरिंग नव्हती.

मी बसने प्रवास करतो. टेलिस्कोपिक रॉड घेऊ का? दुकानदार म्हणतो त्यात आणि दोन तुकड्यांच्या रॉडमध्ये काही फरक नसतो.

फरक असतो, आणि तो वाळूत कळतो. टेलिस्कोपिक रॉडचा प्रत्येक सांधा म्हणजे वाळूचे कण शिरायला एक दार. ओला रॉड तसाच मिटला की मीठ आणि वाळू आत घासत बसतात, आणि पुढच्या वेळी एक भाग अडकतो तो अडकतोच. दुसरी अडचण कड्यांची. कडी कुठे बसवायची ते रॉडच्या वाकण्यावरून ठरायला हवं. इथे ते सांध्यावरून ठरतं. काही भागांवर ती सैल असते आणि फेकताना हळूच फिरते. फिरलेल्या कडीतून दोरी घासत जाते, अंतर घटतं, आणि एखाद दिवशी दोरी तिथेच तुटते.

तरी बसमध्ये दीड मीटरचं नळकांडं घेऊन उभं राहणं काय असतं ते मलाही माहीत आहे. मधला मार्ग म्हणजे तीन किंवा चार तुकड्यांचा जोडायचा रॉड. मिटल्यावर मीटरभर किंवा त्याहून कमी लांबीचा होतो. तो परवडत नसेल तर टेलिस्कोपिक घ्या, पण उघडताना टोकाकडून एकेक भाग ओढून हलक्या पिळाने बसवा, मिटताना बुंध्याकडून सुरू करा, आणि मिटण्याआधी प्रत्येक भाग ओल्या फडक्याने पुसा. घरी गेल्यावर खालची टोपी काढून सगळे भाग बाहेर काढा आणि गोड्या पाण्याने धुवा. हे नियमाने करणार असाल तर तो टिकतो. कंटाळा येणार असेल तर आताच सांगते, घेऊ नका.

ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी लावल्यापासून दोनदा फेकताना दोरी तुटली आणि शिसं सुसाट निघून गेलं. दोरी तर तीस पौंडी आहे. रॉडमध्ये दोष आहे का?

रॉडमध्ये नाही. आणि तुमचं पत्र वाचून मला राग आलाय, तो आधी बोलून टाकते. शंभर ग्रॅमचं शिसं मोकळं सुटलं की ते माणसाला मारू शकतं. किनाऱ्यावर पोरं खेळत असतात. पुढचं वाचून होईपर्यंत गरवायला जाऊ नका.

दोरीवर छापलेले तीस पौंड म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला ताण. फेकताना शिशाला एका क्षणात वेग द्यायचा असतो, तेव्हा दोरीवर शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. तंगूस तुटण्याआधी बराच ताणला जातो, त्यामुळे हा झटका थोडा पचतो. ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही. त्यात एखादी गाठ कच्ची असली किंवा दोरीला खरचटलेलं असलं की ती तिथे तुटणारच.

उपाय जुना आहे: शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसायला दोरीच्या पुढे जोडलेला जाड तंगूस. शिशाच्या प्रत्येक औंसाला, म्हणजे 28 ग्रॅमला, दहा पौंड. 110 ग्रॅमला चाळीस पौंडी तंगूस, साधारण 0.60 मिलिमीटरचा. हा हिशेब किमानाचा आहे. आमिष मोठं असेल तर पन्नास पौंडी लावा. लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर थोडी. मोजण्याची रीत अशी, की शिसं फेकण्याच्या जागी लोंबत असताना लीडरचे पाच-सहा वेढे स्पूलवर असले पाहिजेत. गाठ कडीच्या बाहेर लोंबत असेल तर लीडर असून नसल्यासारखा. ब्रेडेड दोरीला लीडर जोडायला एफजी गाठ सर्वांत बारीक बसते आणि कडीतून सहज निघते. ती बांधायला हात बसेपर्यंत डबल युनी बांधा. जाड असते, कडीत टक्‌ करून लागते, पण धरते. कोणतीही गाठ कसण्याआधी ओली करा आणि बांधल्यावर हाताला फडकं गुंडाळून जीव खाऊन ओढा. सुटायची असेल तर तिथेच सुटू दे.

अजून तीन कारणं असू शकतात, तिन्ही तपासा. एक, फेकताना बेल आपोआप मिटणं. बेलची स्प्रिंग ढिली झालेल्या रिळात हे होतं. घरी बेल उघडून रीळ जोरात झटका, मिटली तर ते रीळ दुरुस्तीला द्या. दोन, रॉडच्या टोकाला दोरीचा वेढा. प्रत्येक फेकीआधी टोकाकडे नजर टाकायची सवय लावा, अंधारात तर हात लावूनच बघा. तीन, ढिला ड्रॅग. फेकताना स्पूल फिरला की दोरी बोटाखालून सरकते, आणि ब्रेडेड दोरी बोट हाडापर्यंत कापते. फेकताना ड्रॅग घट्ट करा, शिसं पाण्यात पडल्यावर सैल करा. बोटाला चामड्याचं टोपण किंवा हातमोजा हवाच.

खरं सांगू का, तुम्ही नवे असाल तर वर्षभर तंगूसच वापरा. 0.35 चा, सात ते नऊ किलोच्या ताणाचा. स्वस्त असतो, खराब झाला की कापून टाकायला जीव तुटत नाही, गुंता सुटतो. ब्रेडेडचे फायदे खरे आहेत. पीई 2 या जाडीच्या नंबरची जी मिळते ती 0.235 मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या तंगुसापेक्षा तिसऱ्या हिश्शाने बारीक. त्यामुळे वारा आणि ओढ दोन्ही कमी धरते, आणि लांबवरची टोच हाताला लगेच कळते. पण ती स्वस्त रॉडच्या हलक्या कड्यांना चर पाडते, आणि चर पडलेली कडी मग दोरीच कापते. कड्या चांगल्या आहेत याची खात्री झाल्यावर ब्रेडेडकडे वळा.

ड्रॅग किती कसायचा? दर वेळी अंदाजानेच करतो.

दोरीच्या ताणाच्या पाव हिस्सा. दोरी आठ किलोची असेल तर दोन किलो. ताणकाटा नसेल तर दोन लिटरची बाटली पाण्याने भरा, दोरीला बांधा आणि रीळ हातात धरून सरळ वर उचला. ड्रॅग बाटली जेमतेम उचलेल-न उचलेल असा ठेवा. रॉडच्या कड्यांतून दोरी गेली की घर्षणाने ताण आणखी वाढतो, म्हणून फेक झाल्यावर गरवताना याहून जास्त कसू नका.

ताई, रीळ करकरायला लागलं म्हणून मी स्वतः उघडलं, साफ केलं आणि सगळीकडे भरपूर ग्रीस भरलं. करकर थांबली, पण आता हँडल मध्येच उलटं फिरतं. काय बिघडलं?

काही बिघडलेलं नाही, लाड जास्त झालेत. रोटरच्या खाली एक रोलर क्लच असतो, हँडल उलटं फिरू न देणारा. त्याचे बारीक रोलर घर्षणावरच पकडतात, त्यामुळे तिथे ग्रीस गेलं की ते घसरतात. थंडीत जास्तच. रोटर काढा, क्लच आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळू द्या, आणि पातळ तेलाचा एखादा थेंब देऊन बसवा. घट्ट ग्रीस फक्त गिअरच्या दातांना. बेअरिंगला, लाईन रोलरला आणि हँडलच्या मुठीला पातळ तेल. ड्रॅगच्या चकत्यांना यातलं काहीही नको. त्यांचं ग्रीस वेगळं मिळतं. आणि गंज सोडवायचा फवारा म्हणजे वंगण नव्हे. तो आतलं चांगलं ग्रीस धुऊन काढतो.

तुमच्या निमित्ताने बाकीच्यांनाही धुण्याचं सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या रिळांत झिजून मेलेली थोडी आणि चुकीच्या आंघोळीने मेलेली जास्त. किनाऱ्यावरून आल्यावर ड्रॅग पूर्ण कसा, म्हणजे चकत्यांमध्ये पाणी जाणार नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार, शॉवरसारखी, मिनिटभर. नळाला पाइप लावून जोराचा फवारा मारू नका, त्याने बाहेरचं मीठ आत ढकललं जातं. बादलीत बुडवून ठेवू नका. पाणी गरम नको. झटकून, पुसून सावलीत वाळवा आणि ड्रॅग सैल करून ठेवा. कसलेलाच ठेवला तर चकत्या चेपून चिकटतात, आणि पुढच्या वेळी तोच झटके देतो. महिन्यातून एकदा लाईन रोलरला थेंबभर तेल घाला. दोरी गुंडाळताना चीं चीं आवाज येतो तो बहुतेक वेळा तिथलाच असतो, गिअरचा नव्हे.

रीळ वाळूत पडलं तर? हँडल फिरवू नका. पहिली प्रतिक्रिया तीच असते, “चालतंय ना बघू”, आणि त्या दोन फेऱ्यांत वाळू गिअरमध्ये दळली जाते. आधी बाटलीतलं गोडं पाणी ओता, स्पूल काढून दांड्यावरची वाळू धुवा, मग फिरवा. पिशवीत एक पाण्याची बाटली यासाठीच ठेवायची, ती पिऊन संपवायची नाही.

जुना रॉड आणि रीळ विकत मिळतंय. घ्यावं का? काय बघू?

जरूर घ्यावं. नव्या स्वस्त रिळापेक्षा नीट ठेवलेलं जुनं मधल्या दर्जाचं रीळ मला कधीही चालेल, अट एवढीच की सुटे भाग मिळायला हवेत. पेन, शिमानो, दाइवा यांच्या चालू मॉडेलच्या भागांचे नकाशे आणि क्रमांक सापडतात. नाव न ऐकलेल्या रिळाची बेलची स्प्रिंग तुटली तर मी तरी ती कुठून आणू?

स्पूल काढा आणि मधला दांडा बघा. त्यावर गंजाचे ठिपके असतील तर आत त्याहून जास्त आहे. रीळ कानाजवळ धरून हँडल अगदी हळू फिरवा. भराभर फिरवलं की दोष लपतात. दर फेरीला एकाच जागी टिक्‌ आवाज आला तर गिअरचा दात. लाईन रोलर बोटाने फिरवा, अडकलेला असेल तर त्यावर दोरीने पाडलेला चर शोधा. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, कडा ओरबाडलेल्या दिसल्या तर कोणीतरी घाईत उघडलंय, भाव पाडा. दोरी मात्र ताबडतोब काढून टाका, विकणारा नवी आहे म्हणून शपथ घेवो. नायलॉन उन्हाने कमकुवत होतं आणि बघून कळत नाही.

रॉडला कापूस-चाचणी वर सांगितलीच. कार्बनच्या रॉडवर लांबीभर बोट फिरवा, टोचा किंवा खळगा लागला तर सोडून द्या. आपटल्याची अशी खूण दिसते छोटी, पण रॉड जोर लावल्यावर तिथेच मोडतो, आणि तेव्हा तो तुमच्या डोक्यामागे वाकलेला असतो. टोकाची कडी सैल असेल तर काळजी नको, गरम चिकटवायच्या कांडीने दहा मिनिटांत बसते. मी तर त्यावरून भाव कमी करून घेते.

मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला माझा जुना साडेअकरा फुटी रॉड देऊ का?

नका देऊ, तिचा छंद पहिल्याच दिवशी संपेल. सात-आठ फुटी, 15–40 ग्रॅमचा हलका स्पिनिंग रॉड, 3000 चं रीळ, 0.28 चा तंगूस. शांत पाण्याची जागा. पहिले काही दिवस गळ न लावता नुसतं शिसं फेकू दे. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका. मासा तरीही निघतो आणि बोटात रुतलेला गळ सहज सुटतो. आणि फेकताना मागे कोण उभं आहे ते तिने मोठ्याने विचारायचं, ही शिस्त पहिल्या दिवसापासून.

आभाळ भरून आलं की मासे चांगले लागतात असा माझा अनुभव. रॉड कार्बनचा आहे म्हणून वीज पडेल, ही भीती खरी आहे का?

खरी आहे. कार्बनमधून वीज वाहते. मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही आणि तुमचा वर धरलेला रॉड. गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा खाली ठेवा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास बाहेर पडू नका. वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली जोडलेला रॉड उभा धरून चालायचं नाही, हे कोरड्या दिवशीसुद्धा. फायबरग्लासचा रॉड ओला असला तर त्याच्यावरही भरवसा नको.

नवं रीळ, नवी दोरी, तरी फेकल्यावर दोरीचे पुंजके सुटतात. रीळ परत करू का?

थांबा. स्पूल काठोकाठ भरलाय का? तंगूस काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली थांबला पाहिजे. वर गेला की वेढे आपसूक सुटतात, फार खाली राहिला की काठावर घासून फेक तोकडी पडते. दुसरं, दोरी भरताना फडक्यात धरून ताण दिला होता का? सैल भरलेली दोरी खालच्या वेढ्यांत रुतते आणि सुटताना पुंजका घेऊन येते. ब्रेडेडला हे जास्तच. तिसरं, शिसं पाण्यात पडल्यावर बेल हँडल फिरवून मिटता की हाताने? हाताने मिटा आणि पहिली फेरी घेण्याआधी दोरी थोडी ताणून घ्या. या तिन्ही गोष्टी करूनही पुंजके आले, तर बेल मिटल्यावर दोरी लाईन रोलरवर नीट बसते का ते बघा, आणि नसेल बसत तर मग खुशाल परत करा.

शेवटचा छोटा प्रश्न: हँडल डावीकडे की उजवीकडे?

ज्या हाताने फेकता त्याच्या उलट बाजूला, म्हणजे फेकल्यावर रॉडचा हात बदलावा लागत नाही. बहुतेक रिळांत हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. उजवीकडेच लावायची सवय असलेले कैक जण आयुष्यभर तसेच गरवतात आणि त्यांना मासेही लागतात.